मामांचे एकतीस चमचे

चहातली साखर ढवळायला मामा करंगळी घालायचे. उकळत्या चहात. भट्टीवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाच्या बोटांना भाजत नाही. मग चहा बशीत ओतायचा, फुंकर मारायची आणि फुर्र करून ओढायचा. ह्या माणसाकडं एकतीस चमचे होते, सगळे चांदीचे, सगळे विलायती, एकेक शंभर वर्षांचा. त्यातला एकही त्यांनी कधी तोंडाला लावला नाही.

"चमचा तोंडात घालायचा नसतोय," म्हणायचे, "बघायचा असतोय."

मामा म्हणजे माझे कुणी नातलग नव्हेत. पनवेलच्या सराफ गल्लीत एका शेटच्या दुकानामागं चांदी गाळायची भट्टी होती, तिच्यावर ते होते. सांगलीकडचे. तिकडची माणसं गावोगाव हेच काम करतात. मी त्याच दुकानात पॉलिशला. रिठ्याचं पाणी, पितळी ब्रश आणि चौथीपर्यंत शाळा, एवढंच माझं शिक्षण. बायको माझी दहावी झालेली, उरणकडची. ती गेली त्याला आता आठ महिने झाले. आणि मी भित्रा माणूस आहे. हे आत्ताच सांगतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाला नवल वाटायला नको.

भट्टीचा धंदाच भीतीचा. मोडीत आलेली चांदी कुणाची, कुठली, काय माहीत? विकणारा म्हणतो आईची. असेल आईची. पण एक दिवस बाहेरगावचे पोलीस गल्लीत येतात, दोरी बांधलेला एक माणूस पुढं असतो, आणि तो माणूस बोट करतो, ह्या दुकानात विकलं. ते बोट ज्याच्याकडं होतं त्याचं घर बसलं. म्हणून गल्लीत सगळ्यांचा एकच नियम. आलं की गाळायचं, लगड पाडायची. लगडीला ना तोंड ना नाव. मग कुणीही येऊ दे.

मामा नेमकं उलटं करायचे. जिन्नस हातात आला की आधी विचारायचे, "कुनाचं? कुनी दिलेलं?" आणि मग तो आपल्या बसायच्या पाटाखाली सरकवून अर्धा तास तसाच ठेवायचे.

"मामा, भट्टी चालवताय की धर्मशाळा?" शेट ओरडायचा.

"थांबा वो. मन बदलतंय मानसाचं. चांदी काय पळून जात न्हाय."

"चांदी नाही पळत. मी पळेन, पोलीस आले की!"

एकदा डोंगराकडची एक कातकरीण आली होती, वीटभट्टीवर जाणारी. लेकराचे वाळे विकून गेली. पंचवीस मिनिटांनी धापा टाकत परत, अनवाणी, पैसे मुठीत तसेच. मामांनी पाटाखालून वाळे काढून तिच्या पुढ्यात ठेवले. "घे. आन् ह्या गल्लीत परत येऊ नगंस." शेट दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. मामांना त्याचं काही नव्हतं. अर्ध्या तासात कुणी नाही आलं की जिन्नस मुशीत, चांदी वितळवायच्या भांड्यात, सोडताना हळूच म्हणायचे, "जा बाबा." घरातल्या माणसाला गावाला लावून द्यावं तसं.

मला त्या अर्ध्या तासाची फार भीती वाटायची. ब्रश मारता मारता मी गल्लीच्या तोंडाकडं बघत असायचो.

चमच्यांचं वेड कुठून लागलं तेही मला माहीत आहे, कारण पहिला चमचा आला तेव्हा मी समोर होतो. उरणचा एक म्हातारा आला, जन्मभर बोटीवर आचारी होता. प्रत्येक बंदरातून बायकोसाठी एक छोटा चमचा आणायचा. अशा चमच्यांवर त्या त्या गावाची खूण असते, दांडीच्या टोकाला, कुठं किल्ला, कुठं जहाज, आणि खाली गावाचं नाव. गाव बघून आलो ह्याची आठवण म्हणून लोक घेतात. बायको वारली आणि ह्यानं सगळे मोडीत काढले. मामांनी एक उलटा करून बघितला. मागं एवढासा सिंह, चालणारा, विलायती चांदीचा शिक्का.

"सिंह हाय. साडेब्याण्णव टंच. कसोटी लावायची गरज न्हाय." म्हाताऱ्याला विचारलं, "बायकू कशानं खायची मग?"

"हातानं," म्हातारा म्हणाला. "ठेवलंन हुते कपाटात. बघायची नुसती."

एकच ठेवून घेण्याइतकी मामांची ऐपत होती. शेटनं पगारातून कापून घेतलं. बाकीचे त्यांच्याच हातानं मुशीत गेले आणि त्या दिवशी मामा जेवले नाहीत. त्या एका चमच्यावर पक्षी होता, चोचीत काडी धरलेला.

मग पुढच्या काही वर्षांत एकेक करत एकतीस झाले. सिंह असेल तरच ठेवायचे. काठीला बांधलेलं अस्वल होतं, पूल होता, राणीचं तोंड होतं, एक पवनचक्की होती तिची पाती खरोखर फिरायची. मामांना अक्षर येत नव्हतं, मराठीसुद्धा नाही. नावं चित्रांवरून. अस्वलवाला, पूलवाला. गल्लीतली पोरं चिडवायची, "बाकीचे शेटचे चमचे, आणि मामा चमच्यांचे शेट!" मामा हसायचे. समोरचे दोन दात नव्हते.

डबा मात्र माझ्या घरी. भट्टीमागच्या त्यांच्या खोलीत तेजाबाची वाफ यायची, चांदी काळी पडायची, म्हणून एके दिवशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन ते आमच्या दारात उभे.

"वहिनी, ठेवून घ्याल का? जागा लागत न्हाय."

मी नाही म्हणणार होतो. ती आधीच हो म्हणून बसली.

रविवारी दुपारी यायचे. जमिनीवर धुतलेलं धोतर अंथरायचं, त्यावर चमचे मांडायचे. प्रत्येक चमचा जुन्या गंजीफ्रॉकच्या चिंधीत, सोबत खडूचा तुकडा, काळा पडू नये म्हणून. अंगठा लावायचा नाही, घाम लागतो. कडेनं धरायचं. आणि बायको एकेक अक्षर लावून वाचायची.

"एल, आय, व्ही... लिव्हरपूल."

"तिथं काय असतंय वहिनी?"

"बंदर असंल. तो आचारी बोटीवरचा हुता ना."

"थंडी?"

"लय. धुकं. मानूस मानसाला दिसत नाय."

ती अलिबागच्या पुढं कधी गेली नव्हती. मामांना सगळं खरं वाटायचं.

"मग ह्यो पक्षी काडी घिऊन कुठं चाललाय?"

"घरी," ती म्हणाली. मामांनी मान हलवली, जणू त्यांना तेच वाटत होतं.

चिठ्ठ्यांची कल्पना तिचीच. प्रत्येक चमच्याला एक चिठ्ठी. वर चित्र आणि गाव, खाली कुणाकडून आला ते. मामा तोंडी सांगायचे, ती लिहायची. तिचं अक्षर सुरेख, गोल. मी कोपऱ्यात सुपारी कातरत बसायचो आणि त्या चिठ्ठ्यांकडं बघायचो. एवढी नावं कागदावर. तीही माझ्या बायकोच्या हातची. उठून मी दार लावून घ्यायचो.

"आवो, भिता कशाला?" ती म्हणायची. "चोरीचं असतं तर नाव लिवलं असतं का कुनी?"

आणि मग ते बोट आलंच. मामांच्या दिशेनं.

दुपारचं जेवून मी गल्लीकडं परत निघालो होतो. चहाच्या टपरीवाल्यानं लांबूनच हात केला. "तुमच्या मामांना नेलं. बाहेरगावचे पोलीस आहेत. कुठल्या बाईचे चांदीचे चमचे चोरीला गेलेत. चोर म्हणतो, इथंच विकले."

चमचे. गल्लीत गेलो तर पाचसहा जण दुकानाच्या पायरीवर. शेट पोलिसांबरोबर गेला होता. सगळे एका तोंडानं बोलत होते. असेल नसेल ते गाळा. आत्ताच्या आत्ता गाळा. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं, पण मला वाटलं सगळे माझ्याकडंच बघून बोलतायत.

घरी पळालो. डबा काढला.

"काय करताय?" ती म्हणाली.

"पोलीस चमचे शोधतायत."

"मग दाखवा की. त्या बाईचा यात नसंल तर मामा सुटतील. चिठ्ठ्या हायेत सगल्यांवर."

"चिठ्ठ्या तुझ्या हातच्या हायेत!" मी ओरडलो. "त्यांना नेलंय, उद्या तुला नेतील! तुझं अक्षर हाय ह्यावर, कळतंय का तुला?"

तिनं डब्यावर हात ठेवला. मी तो हात बाजूला केला. छत्तीस वर्षांच्या संसारात तिच्या अंगाला मी जोर लावला तो तेवढाच.

चिठ्ठ्या गॅसवर जाळल्या. चमचे पिशवीत भरून भट्टीवर आलो. मामांना शेकडो वेळा बघितलं होतं, पण स्वतः कधी केलं नव्हतं. मूस ठेवली, गॅस सोडला, चमचे टाकले. पवनचक्कीची पाती आधी वाकली. अस्वल मऊ झालं आणि काठीवरून घसरलं. मी बघत होतो आणि माझे दात वाजत होते, भट्टीसमोर उभा राहून. "जा बाबा" म्हणायलाही सुचलं नाही. ओतली लगड, पाण्यात विझवली आणि शेटच्या बाकीच्या लगडींत ठेवून दिली. किती चमचे टाकले ते मोजलं नाही.

घरी आलो आणि चपला काढतोय तोच दारात मामा. मागं दोन पोलीस आणि एक बाई, चांगल्या घरातली, हातात रुमाल. मामांचा चेहरा शांत होता. हसतच होते.

"वहिनी, डबा द्या जरा. ह्या बाईंना एकेक दाखवू. त्यांचा असला तर त्यांचा. नसला तर चिठ्ठ्या हायेत आपल्याकडं. वाचून दावा सायबांना."

बायकोनं फळीवरचा डबा काढला आणि दिला. हवालदारानं उघडला. आत चिंध्या आणि खडूचे तुकडे.

"चमचे कुठं आहेत?"

मामा डब्यात बघत राहिले. मग तिच्या तोंडाकडं बघितलं. माझ्याकडं नाही, तिच्याकडंच. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

"मीच गाळले, सायेब," मामा म्हणाले. "परवा. इसरलो."

"विसरलास?"

"वय झालं."

आता कुणाचा विश्वास बसणार? पोलीस यायच्या दोनच दिवस आधी एकतीस चमचे गाळणारा माणूस. नेलं त्यांना. पंधरा दिवस आत होते. मग जामीन, मग तारखांवर तारखा. पुढं बरेच महिन्यांनी त्या बाईचे चमचे दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच दुकानात सापडले आणि मामा सुटले. पण शेटनं तोवर दुसरा माणूस ठेवला होता आणि गल्लीतला कुणी त्यांना ओट्यावर बसवून घेईना.

जामिनावर सुटून आले तेव्हा एकदाच दुकानात आले होते, सामान घेऊन गावी जायला. जाता जाता लगडींच्या ढिगातून त्यांनी एक उचलली, उलटी केली, बोट फिरवलं आणि जागच्या जागी ठेवली. मला म्हणाले, "येतो, पालीशवाले." नावानं नाही कधी, पालीशवालेच म्हणायचे. मी मान खाली घालून ब्रश मारत राहिलो.

बायको त्या दिवशी माझ्याशी भांडली नाही. नंतरही नाही. पण एक झालं. ती मला रोज संध्याकाळी पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची, लग्न झाल्यापासून. त्या दिवसापासून बंद. मनातल्या मनात वाचायची आणि घडी घालून माझ्यापुढं ठेवायची. चौथीवाल्यानं आपलं आपण लावत बसायचं. दोन वेळा म्हणाली, "त्यांना सांगा. त्यांच्या गावाला जा, पन सांगा." मी म्हणालो, बघू. नऊ वर्षं बघू.

मग आम्ही करंजाड्याला मुलाच्या फ्लॅटवर आलो. चौथा मजला. मुलगा जासईला कंटेनरच्या यार्डात आहे. दारावरची बेल वाजली की अजून मी आधी खिडकीतून खाली बघतो. सून हसते. "बाबा, कुरिअर आहे."

बायको शेवटी अंथरुणाला खिळली. शेवटच्या सकाळी शुद्धीत होती. पाणी मागितलं. मी वाटी आणि चमचा घेऊन बसलो तर मान हलवली.

"त्या चमच्यानं."

"कुठला?"

"त्या. मामांच्या."

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. नाही, त्याहून वाईट वाटलं. वाटलं, जाता जाता हिशेब मागतेय. निम्मं पाणी उशीवर सांडलं. "मामांचे चमचे आता नायत गं," म्हणालो आणि स्टीलच्या चमच्यानं तिच्या तोंडात पाणी घातलं. ती माझ्याकडं बघत होती. बोलायला दम उरला नव्हता.

तेराव्यानंतर सुनेनं तिची पत्र्याची पेटी आवरायला घेतली. लग्नातल्या लुगड्याच्या घडीत चिंधी सापडली. जुन्या गंजीफ्रॉकची. सुनेनं माझ्यापुढं आणून ठेवली आणि मी तिला म्हणालो, तू जा, चहा ठेव. आत खडूचा तुकडा, चोचीत काडी धरलेला पक्षी आणि एक चिठ्ठी. त्या दिवशी मी डब्याशी झटत होतो, ओरडत होतो, तेव्हा कधीतरी तिनं तो काढून घेतला असणार. चिठ्ठी वाचली. तीनच ओळी. वाचून झाल्यावर मी गॅसपाशी गेलो, पेटवला आणि चिठ्ठी हातात धरून उभा राहिलो. सून म्हणाली, "बाबा, दूध उतू जातंय." मी बंद केला. चिठ्ठी खिशात ठेवली.

मागच्या महिन्यात फोन आला. आवाज बारीक झाला होता पण ओळखला. "वहिनींचं आत्ता कळलं. येतो."

चार रात्री मला नीट झोप नाही. आले ते पार वाळलेले, काठी टेकत, एसटीनं एकटेच. तिच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. मग सोफ्यावर न बसता खाली बसले. सुनेनं चहा दिला, वर साखर वेगळी. मामांनी करंगळी घातली. सून बघतच राहिली.

ती आत गेल्यावर मी चिंधी काढून त्यांच्यापुढं ठेवली. कशी ठेवली माझं मला माहीत. मामांनी कडेनं धरून चमचा उचलला, अंगठा न लावता. डोळ्याजवळ नेला. उलटा करून मागचा सिंह बघितला.

"चिठ्ठी हाय?"

"हाय."

"वाचा की."

मी चष्मा लावला. "पक्षी. लिव्हरपूल." थांबलो. "उरणच्या बोटीवरच्या आचाऱ्याकडून. त्याची बायको वारल्यावर." आणि चिठ्ठीची घडी घातली.

मामा माझ्या हाताकडं बघत होते.

"मला वाचाय येत न्हाय, पालीशवाले. पन मोजाय येतंय. तीन वळी हायेत. तुमी दोनच वाचल्या."

घडी परत उघडली. तिचं गोल अक्षर. जन्मभर तिनं माझं नाव घेतलं नाही, इथंही घेतलेलं नव्हतं.

"बाकीचे तीस ह्यांनी गाळले," मी वाचलं. "भिऊन."

मामांनी बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवली.

"ठाऊक हाय," म्हणाले. "ती लगड बघितली व्हती मी. पाठीवर सुरकुत्या. चांदी साफ व्हाया सवागी टाकायची असती, ती टाकली न्हवती तुमी, आन् घाईत वतली. गल्लीतल्या कुठल्याच भट्टीवाल्याची नव्हं ती."

"मग पोलिसांना माझं नाव का नाय सांगितलंत?"

"वहिनींच्या तोंडाकडं बघितलं." काठी जवळ ओढली. "आन् खोटं कशाला बोलू, नंतर राग आला. लय आला. एकदा तारखेला आलो तवा तुमच्या घरापातूर आलो व्हतो. जिन्यातनं वहिनींचा आवाज आला, पोराला कायतरी समजावत व्हत्या. माघारी गेलो."

मी रडत होतो. म्हाताऱ्या माणसाचं रडणं वाईट दिसतं. त्यांनी बघायचं टाळलं. मग मी ते पाण्याचं सांगितलं. तिनं काय मागितलं आणि मी काय दिलं. हे मी मुलालाही सांगितलेलं नाही.

"कशानं दिलं पानी?"

"स्टीलच्या."

मामांनी डोळे मिटले. लगडीचं ऐकताना बदलला नव्हता तो चेहरा आता बदलला. मला वाटलं, आता उठतील आणि काठी घालतील पाठीत. घातली असती तर बरं झालं असतं.

उठले ते जायलाच उठले. मुलानं स्टँडवर सोडायला गाडी काढली होती. मी चमचा चिंधीत गुंडाळून त्यांच्या पिशवीत टाकायला गेलो तर हात धरला. त्या बोटांना अजून कशाचं काही वाटत नसेल, पण पकड तीच होती.

"मला नगं. माझं दिवस सरलं बघायचं. तुमच्यापाशी ठेवा." पायात चप्पल सरकवत म्हणाले, "तुमचं पानी बी कुनीतरी घालंलच की कधीतरी. त्याला आधी सांगून ठेवा कुठं हाय ते. येळंला त्वांड उघडत न्हाय तुमचं."

त्याच संध्याकाळी मी सुनेला जागा दाखवली. तांदळाच्या डब्यामागं, चिंधीत, खडूच्या तुकड्यासोबत. ती म्हणाली, "बाबा, असं काय बोलता?" मी म्हणालो, बघून ठेव. अंगठा लावू नकोस, कडेनं धर. चिठ्ठीही तिथंच ठेवलीय. वाचायची असेल तर तिन्ही ओळी वाच.